टोरंटोहून सायलीला: महानगरातल्या माणसांचं मूळ मोजताना

मिसिसॉगा, ओंटारिओ

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातला, टोरंटो-न्यूयॉर्कसारख्या महानगरांतल्या लोकांच्या मुळांचा तक्ता मिळाला. कॅनडात २०१६ साली जनगणनेत आपलं मूळ 'ईस्ट इंडियन' (म्हणजे भारतीयच) सांगणारे १३.७ लाखांच्या आसपास आणि २०२१ साली 'इंडियन' सांगणारे साधारण १३.५ लाख, म्हणजे भारतीय घटले, असं तू समासात लिहिलंयस. ती ओळ आधी खोड. त्याच पाच वर्षांत 'साउथ एशियन' गटातली माणसं १९.२ लाखांवरून २५.७ लाखांवर गेली. भारतातून येणाऱ्यांचा ओघ वाढत होता आणि भारतीय मात्र कमी झाले, असं कसं होईल? माणसं घटली नाहीत गं, जनगणनेचा फॉर्म बदलला.

२०१६च्या फॉर्मवर प्रश्नासोबत उदाहरणांची यादी छापलेली होती: कॅनेडियन, इंग्लिश, चायनीज, फ्रेंच, ईस्ट इंडियन आणि पुढे बरीच. भरणाऱ्याची नजर यादीवरून फिरते आणि ओळखीचा शब्द दिसला की तोच खालच्या रिकाम्या ओळीवर उतरतो. २०२१ला ती यादी काढली आणि पाचशेवर नावांच्या यादीचा नुसता दुवा दिला. दुवा उघडून बघत बसतंय कोण? ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. 'पंजाबी' लिहिणारे २.८ लाख निघाले, 'शीख' १.९ लाख, 'हिंदू' १.७ लाखांच्या जवळ. यातल्या ज्यानं फक्त 'पंजाबी' एवढंच लिहिलं, तो 'इंडियन'च्या ओळीत नाही.

ब्रॅम्प्टनमधलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आण. फॉर्म घरातला एकच माणूस सगळ्यांच्या वतीनं भरतो. स्वतःपुढे तो 'इंडियन' लिहितो, आईपुढे 'हिंदू', आणि इथे जन्मलेल्या मुलीला विचारलं तर ती म्हणते 'इंडियन' आणि 'कॅनेडियन' दोन्ही लिहा. एका छपराखालची तीन माणसं तीन वेगळ्या ओळींत गेली, आणि मुलगी तर दोन ओळींत मोजली गेली. म्हणूनच या प्रश्नाच्या टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाते. ती चूक नाही. पण या आकड्यांचा वर्तुळालेख काढलास तर चूक तुझी. आडवे पट्टे काढ.

गोव्याच्या मंडळींचं असंच होतं. टोरंटोत पूर्व आफ्रिकेमार्गे आलेले गोंयकार बरेच आहेत. त्यांना 'गोवन' अशी वेगळी ओळ आहे, पण कुणी 'इंडियन' लिहितं, कुणाच्या लिहिण्यात 'पोर्तुगीज'ही येतं. नुसत्या 'इंडियन'वरून ते हाती लागणार नाहीत.

प्रश्नाच्या शब्दांचा केवढा जोर असतो, याचा इथला सगळ्यात ठळक दाखला म्हणजे खुद्द 'कॅनेडियन' हा शब्द. १९९१ साली हे उत्तर देणारे चार टक्केही नव्हते. १९९६ला तो शब्द उदाहरणांत छापला आणि ते ३१ टक्के झाले. २००१ साली ३९. २०२१ला यादी गेली आणि आकडा १५.६ टक्क्यांवर आला. तीस वर्षांत पुढे-मागे झोके घेणारा हा आकडा लोकसंख्येबद्दल फार काही सांगत नाही, छापखान्याबद्दल मात्र बरंच सांगतो! आणखी मागे जाणार असशील तर एक गोष्ट ध्यानात ठेव: १९७१पर्यंत इथे फक्त वडिलांकडचं मूळ विचारत. एकाहून अधिक उत्तरं १९८१पासून चालू लागली. त्यामुळे १९७१ आणि १९८१ यांना एकाच रेषेत जोडू नकोस.

अमेरिकेत वेगळाच घोळ आहे. 'अँसेस्ट्री'चा प्रश्न तिथे १९८०च्या जनगणनेत आला, २०००पर्यंत लांब फॉर्मवर, म्हणजे निवडक घरांना जाणाऱ्या सविस्तर फॉर्मवर, राहिला, आणि आता तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या दरवर्षीच्या नमुना पाहणीत असतो. मूळ स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि त्यातली दोनच उत्तरं धरली जातात. १९८०ला इंग्लिश मूळ सांगणारे ४.९६ कोटी होते. १९९०च्या फॉर्मवर उदाहरणांत जर्मन सगळ्यात आधी होतं आणि इंग्लिश गायब, तेव्हा इंग्लिश ३.२७ कोटींवर आले आणि जर्मन ४.९ कोटींवरून ५.८ कोटी झाले. लुइझियानातल्या केजन या फ्रेंच मुळाच्या लोकांची तर गंमतच. १९९०ला 'केजन' उदाहरणांत होतं, राज्यात चार लाखांवर लोकांनी ते लिहिलं. २०००च्या यादीत तो शब्द नव्हता, तर पन्नास हजारसुद्धा उरले नाहीत. माणसं तिथेच होती, बहुतेकांनी दुसरं काही लिहिलं एवढंच.

२०२०ला सेन्सस ब्युरोनं, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्यानं, आणखी एक बदल केला. वंशाच्या प्रश्नातच 'व्हाइट'च्या चौकटीखाली मूळ लिहायला ओळ दिली. त्यातून इंग्लिश ४.६६ कोटी, जर्मन ४.५ कोटी आणि आयरिश ३.८६ कोटी निघाले. २०००च्या लांब फॉर्मवर इंग्लिश होते २.४५ कोटी. म्हणजे २०२०चे हे आकडे आणि सर्व्हेतले 'अँसेस्ट्री'चे आकडे एका तक्त्यात आणायचे नाहीत, दोन्ही एकाच खात्याचे असले तरी.

तू मागच्या खेपेला विचारलं होतंस की न्यूयॉर्कच्या तक्त्यात भारतीय सापडतच नाहीत. तू बी ०४००६ हा तक्ता उघडला असणार. त्यात इटालियन, आयरिश, पोलिश, जमैकन, गयानीज सगळे आहेत, पण भारतीय, चिनी, मेक्सिकन नाहीत. कारण ज्यांची गणना वंशाच्या किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषी देशांतलं) मूळ विचारणाऱ्या प्रश्नातून होते, ते या तक्त्यातून वगळलेले असतात. भारतीयांसाठी बी ०२०१५ बघ. तिथे 'एशियन इंडियन' एवढीच चौकट धरलेले मिळतील. मिश्र कुटुंबातली मुलंही धरायची तर बी ०२०१८. यांतला कोणता वापरलास ते तक्त्याखाली लिही, कारण दुसऱ्या पिढीत दोन्हींतला फरक वाढत जातो.

गयानीज म्हटलं म्हणून सांगते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रिचमंड हिल भागात गयाना आणि त्रिनिदादहून आलेली बरीच कुटुंबं आहेत. त्यांचे पूर्वज गिरमिटिये, म्हणजे करारानं नेलेले मजूर, म्हणून उसाच्या मळ्यांवर गेलेले. घरात देव्हारा, होळीला फगवा, आणि फॉर्मवर? कुणी 'एशियन इंडियन'ची चौकट धरतं, कुणी 'इतर वंश' धरून 'गयानीज' लिहितं. टोरंटोतही हाच समाज मोठा आहे. इथे त्रिनिदादचं मूळ कॅरिबियन गटाखाली सापडतं, गयानीज मात्र लॅटिन, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या गटाखाली. भारतीय वंशाची एकूण माणसं किती, याचं उत्तर कुठल्याही एका ओळीतून मिळत नाही. प्रबंधात तसं स्पष्ट लिहिणं बरं.

आता हद्दीबद्दल. हे मात्र पटकन आटपण्यासारखं आहे. तू टोरंटोचे २७.९ लाख घेतलेस, ते नुसत्या महापालिकेचे. त्याच्याशेजारी न्यूयॉर्कचे दोन कोटी लावलेस, ते महानगराचे. टोरंटोचं महानगर ६२ लाखांचं आहे, त्याचा संकेतांक ५३५. न्यूयॉर्कचा ३५६२०. संकेतांक टाकूनच आकडे काढ, नाव टाकून शोधलंस की शहर आणि महानगर यांची गल्लत ठरलेली. कॅनडात महानगर नगरपालिकांच्या तुकड्यांनी जोडतात, आणि शेजारची पालिका आत यायला साधारण निम्मे नोकरदार गाभ्याकडे, म्हणजे मुख्य शहराकडे, कामाला जाणारे लागतात. अमेरिकेत जोडणी काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या तुकड्यानं, होते आणि तिथे पाव हिस्सा पुरतो. म्हणून अमेरिकेतली महानगरं पसरट. बर्लिंग्टन टोरंटोला अगदी लागून, पण मोजतात हॅमिल्टनमध्ये. आपल्याकडे २०११ला वसई-विरार मुंबईच्या नागरी समूहात नव्हतं, तसंच. न्यू जर्सीतलं एडिसन न्यूयॉर्कच्या महानगरात येतं, कनेक्टिकटमधलं स्टॅमफर्ड येत नाही. कॅलिफोर्नियात तर सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन स्वतंत्र महानगरं धरतात. कूपरटिनोतले भारतीय एकात, फ्रीमाँटमधले दुसऱ्यात. खाडीभोवतालचे सगळे हवे असतील तर वरची पायरी, म्हणजे संयुक्त सांख्यिकी क्षेत्र, घ्यावी लागते.

दोन देशांत खरी तुलना करायचीच असेल तर जन्मदेश हा सगळ्यात भरवशाचा रकाना. 'तुझा जन्म कुठे झाला' या प्रश्नाला उदाहरणांच्या यादीनं फारसा फरक पडत नाही. पण तिथेही एक खड्डा आहे. कॅनडातला 'इमिग्रंट' म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला, मग तो पुढे नागरिक झालेला असो वा नसो. शिकायला आलेली पोरं आणि वर्क परमिटवरचे लोक वेगळ्या रकान्यात असतात, 'अस्थायी रहिवासी' म्हणून. अमेरिकेच्या 'फॉरेन-बॉर्न'मध्ये व्हिसावरचेही धरलेले असतात. टोरंटो महानगरात २०२१ला इमिग्रंट ४६.६ टक्के होते. हा आकडा तसाच न्यूयॉर्कच्या फॉरेन-बॉर्नसमोर ठेवलास तर टोरंटोची बाजू कमी दिसेल. आधी अस्थायी रहिवासी मिळव, मग तुलना कर.

छेद कुठला घ्यायचा, म्हणजे टक्केवारी काढताना कुठल्या एकूण संख्येनं भागायचं, हेही बघ. मूळाचा प्रश्न कॅनडात चारातल्या एका घराला गेलेल्या लांब फॉर्मवर असतो आणि त्याची टक्केवारी खासगी घरांत राहणाऱ्यांवर काढतात. वृद्धाश्रम, तुरुंग, वसतिगृहं त्यात नाहीत. तुझा छेद ६२ लाखांचा नसेल, त्याहून थोडा कमी असेल, आणि तो त्याच तक्त्याच्या पहिल्या ओळीत दिलेला असतो. शिवाय इथे प्रत्येक आकडा शून्यावर किंवा पाचावर संपतो, कारण ओळख उघड होऊ नये म्हणून तो मुद्दाम वरखाली केलेला असतो. त्यामुळे तुकड्यांची बेरीज एकूण आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. जुळवत बसू नकोस. पण पंधरा-वीस माणसांच्या ओळीवरून टक्केवारीही काढू नकोस.

अमेरिकेच्या सर्व्हेतल्या आकड्यासोबत 'अधिक-उणे' छापलेलं असतं, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते. ते तू सरळ काढून टाकलंयस. ते परत घे. समज, एका महानगरात एखाद्या गटाचा अंदाज ४,२०० आणि अधिक-उणे ९००, दुसऱ्यात ५,००० आणि अधिक-उणे १,१००. फरक ८००चा. आता ९०० आणि १,१०० यांचे वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ काढ: १,४२१ येतात. फरक ८००, त्याचं अधिक-उणे १,४२१, म्हणजे दुसरं महानगर पुढे आहे असं म्हणायला आधार नाही. दोन-तीन काउंट्यांची बेरीज करतानाही अधिक-उणेची अशीच वर्गाची बेरीज करायची, सरळ नाही. हे सगळं ९० टक्के विश्वासपातळीचं आहे. तुमच्या विभागाला ९५ लागत असेल तर आधी १.६४५ने भाग आणि मग १.९६ने गुण. एका वर्षाचे तक्ते फक्त ६५,००० लोकसंख्येवरच्या भागांना मिळतात. छोट्या भागांसाठी पाच वर्षांचे वापर, पण ज्यांची वर्षं एकमेकांवर चढतात असे दोन संच समोरासमोर ठेवू नकोस.

सरासरीनं महानगराच्या आतलं चित्र झाकलं जातं, म्हणून एक छोटा हिशेब जोड. २०२१ला टोरंटो महानगरात साउथ एशियन १९ टक्क्यांच्या थोडे वर, ब्रॅम्प्टनमध्ये ५२.४ टक्के. भागाकार केलास की २.७ येतात: महानगराच्या मानानं ब्रॅम्प्टनमध्ये हा गट पावणेतीनपट एकवटलेला आहे. हाच भागाकार एडिसनचा न्यूयॉर्क महानगराशी कर. न्यूयॉर्क महानगरात भारतीयांचा एकूण वाटाच लहान, म्हणजे भागाकाराचा छेद लहान, असल्यामुळे तो आकडा मोठा येईल. 'अमेरिकेत भारतीय जास्त एकवटून राहतात' असं त्यावरून लिहू नकोस, आधी छेदाकडे बघ.

पॅरिस यादीतून काढ. फ्रान्समध्ये जनगणना वंश किंवा मूळ विचारतच नाही. जन्मदेश आणि नागरिकत्व यांवरच मुख्यतः भागवावं लागेल. लंडन ठेवायचं तर ठेव, पण तिथला प्रश्न मूळाचा नाही, 'वांशिक गट' कुठला याचा आहे आणि एकच चौकट निवडायची असते. तिथली टक्केवारी बरोबर शंभर भरते, टोरंटोची भरत नाही.

आणि मुंबईचा रकाना घालायचा तुझा विचार. आपल्या जनगणनेत वांशिक मूळ हा प्रश्नच नाही, त्यामुळे मातृभाषेवर भागवावं लागेल. ते चालेल, फक्त गट कसे बांधलेत ते वाच. मालवणची बाई मातृभाषा 'मालवणी' सांगते तेव्हा ती कोकणीच्या बेरजेत जाते, 'मराठी' सांगते तेव्हा मराठीच्या. धुळ्याकडच्या माणसानं 'अहिराणी' सांगितलं की तो खानदेशी या वेगळ्या भाषेत जातो. भोजपुरी आणि मारवाडी दोन्ही हिंदीत. केजनसारखीच गत आहे, फक्त घराजवळची.

तक्ता नव्यानं लिहिशील तेव्हा प्रत्येक आकड्याच्या उजवीकडे चार रकाने ठेव: साल, हद्दीचा संकेतांक, प्रश्नाचे नेमके शब्द, छेद. अमेरिकेनं २०२४मध्ये वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांचा एकच प्रश्न करायचं ठरवलंय आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र गट आणलाय, त्यामुळे पुढच्या आकड्यांना तिसरा रकाना लागणारच आहे. पहिल्या दहा ओळी झाल्या की पाठव, सगळं पुरं व्हायची वाट बघू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार सांग, चिनूला गोड पापा.

तुझी,
आत्या