पिकअप बंद पडली की लगेच डिझेल पंप उतरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षाचा सीझन आला की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज सगळीकडं रस्त्याकडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या पिकअप दिसतात आणि लोक म्हणतात जुन्या गाड्या भंगारात घाला. म्हणायला काय जातंय, नवीन गाडीचा हप्ता कोण भरणार? यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन गेलेलं नसतंच, किरकोळ काम असतं, पण मालकाला त्यातलं कळत नाही म्हणून मिस्त्री सांगेल ते खरं.

माझ्याच गाडीचं बघा. पहाटे सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं पण स्टार्ट काय होईना. एका गॅरेजवाल्यानं हात न लावताच सांगितलं, डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला पाठवा, इंजिनात डिझेल फवारणारे नोजल पण बदलून टाका. दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीनं आधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबला, मऊ लागला, म्हणाला डिझेलच्या लाईनीत एअर, म्हणजे हवा शिरलीय. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिला, पहिल्यांदा नुसता फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार आल्यावर स्क्रू आवळला, हातपंप कडक झाला, गाडी सुरू. पण तो तिथं थांबला नाही, एअर येते कुठनं ते शोधत टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपपर्यंत गेला, क्लिपाजवळ बारीक चीर होती. खाली डिझेलचा थेंब नव्हता, कारण त्या लाईनीतनं पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळं चिरीतनं डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल परत टाकीत उतरतं. पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा, झालं काम.

एक मात्र सांगतो, जुन्या पंपाच्या गाडीला नोजलचा नट ढिला करून एअर काढतात, ते सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेलच्या नव्या पद्धतीच्या गाडीला अजिबात करू नये, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेल कातडीत घुसतं.

सेल्फ नुसता टक टक करत असेल तर बॅटरी बदलायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, बॅटरीपासून इंजिनला जोडलेली अर्थ वायर घट्ट आहे का बघा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४ दिसलं पाहिजे, नाहीतर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा, आणि नवीन बॅटरी पण चार दिवसात बसणार. व्होल्ट मोजायचा मीटर काय फार महाग नसतो. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आधी झटका, आपल्याकडच्या धुळीत तो लगेच चोक होतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, ते खर्चाचं काम.

उन्हाळ्यात पुण्याकडनं येताना खंबाटकी चढताना गाड्या तापतात तेव्हा लोक रेडिएटरचं झाकण लगेच उघडतात, तोंड भाजतं, वरनं गार पाणी ओततात, इंजिनच्या वरच्या भागाला, हेडला, तडा जातो. अर्धा तास दम धरा ना. नंतर डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र पाणी ऑइलमध्ये गेलंय, तिथनं पुढं गाडी हाकू नये, टोचन करूनच आणावी.

हे सगळं शिकवणारं कुणी नाही असं नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा ट्रेड आहे, शिकवणारे आहेत, खोललेली इंजिनं आहेत. जिल्ह्यातल्या आयटीआयनी आणि बाजार समित्यांनी मिळून सीझनच्या आधी एखादा रविवार पिकअपवाल्यांसाठी ठेवावा, एअर काढणं, फिल्टरच्या तळातलं पाणी सोडणं आणि मीटर लावणं एवढंच हातानं करून घ्यावं. फी ठेवली तरी चालेल, लोक देतील. आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक पिकअपवाला, ता. तासगाव, जि. सांगली