रविवार पेठेतल्या दोऱ्यावाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर फारसं काही वाचत नाही हे मला माहितीय, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल. आणि हे सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे पुण्यातल्या कितीतरी बायका रविवार पेठेत दोरा घ्यायला येतात, रंग जुळला की रीळ पर्समधे टाकतात आणि निघतात, त्यांना पण कळू दे की तुमच्या काउंटरवर थोडा वेळ थांबलं तर काय काय शिकायला मिळतं.

मी जुन्या साड्यांच्या गोधड्या मशीनवर शिवून देते. लोक जे कापड आणून देतात ते परत मिळणारं नसतं हो. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या आईची रोजच्या वापरातली धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. ते चुकून फाटलं तर दुसरं कुठून आणणार? कापड जसं येईल तसं घ्यावं लागतं, पण दोरा कुठला लावायचा ते माझ्या हातात आहे, आणि ही जबाबदारी केवढी मोठी आहे ते मला तुमच्यामुळे कळलं.

पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही रंग विचारलाच नाहीत. विचारलंत काय तर किती थर आहेत, कापड सुती का सिंथेटिक, मशीन पायाचं का मोटरचं, आणि गोधडी हाताने धुणार का वॉशिंग मशीनमधे. मग एक रीळ काढून वीतभर दोरा सोडलात आणि ट्यूबलाइटसमोर धरून म्हणालात, बघा ताई. चांगल्या दोऱ्याच्या कडा स्वच्छ दिसत होत्या आणि शेजारच्या स्वस्त दोऱ्यावर तूस उभं राहिलेलं, मधेमधे जाड बारीक गाठी. तीच गाठ सुईच्या नेढ्यात अडकते आणि दोरा तुटतो, आणि ते तूस खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसमधे आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साठत जातं, मग आपण मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला फोन करतो. टाका पडायच्या आधी दोऱ्याचा तोच तुकडा नेढ्यातून कितीतरी वेळा खालीवर घासत जातो हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला एकदम लक्षात आलं की गुळगुळीतपणा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये.

सुती दोरा घ्यायचा तर लांब धाग्याच्या कापसाचा घ्या, हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येकीला सांगते. कापसाचे तंतू लांब असले की पिळातून बाहेर येणारी टोकं कमी, म्हणून तूस कमी आणि ताकद जास्त. मर्सराइज्ड म्हणजे काय ते पण तुम्हीच समजावलंत, कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने धागा फुगतो, बळकट होतो, रंग नीट धरतो आणि चकाकी येते. मी नंतर वाचलं, जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने 1844 च्या सुमाराला हे शोधलं आणि त्याच्यावरूनच ते नाव पडलं. आणि हाताने धावदोरा घालायचा मेण लावलेला दोरा मशीनला अजिबात लावायचा नाही, ते मेण दोऱ्याचा ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमधे जाऊन बसतं, हे तर तुम्ही मला दोनदा बजावलंत.

आकड्यांचा घोळ तर तुमच्याशिवाय सुटलाच नसता. एका रिळावर 40 वेट, दुसऱ्यावर 40/2, तिसऱ्यावर टिकट 120, आणि दुकानात सगळे म्हणतात आकडा मोठा तर दोरा बारीक, ते खरंय पण प्रत्येकाचं माप वेगळं! 40 वेट म्हणजे 40 किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो. टिकट 120 पण साधारण तेवढाच, कारण टिकटचा आकडा त्या हिशोबाच्या तिप्पट असतो. पण कोनवर, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावर, 40/2 छापलेलं असेल तर तो बहुतेक जुन्या इंग्रजी काउंटचा 40 असतो, दुपदरी, आणि तो थोडा जाड भरतो. म्हणून टेक्स लिहिलेला असेल तर तोच बघायचा, 1000 मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम, सरळ हिशोब, आकडा वाढला की दोरा जाड. हे तुम्ही पावतीच्या मागे लिहून दिलंत, ती पावती मी मशीनच्या वरच भिंतीला चिकटवलीय.

तुकडे जोडायला 50 वेटचा बारीक सुती दोरा म्हणजे जोडावर जाडी येत नाही, आणि वरच्या टिपेला 40 वेटचा, म्हणजे टीप उठून दिसते. बारीक दोऱ्याला 80/12 नंबरची सुई, सगळे थर एकत्र शिवताना 90/14, थर फारच जाड झाले तर 100/16. नेढं लहान पडलं की दोरा सोलवटतो, एवढं साधं कारण, पण क्लासमधे कुणी सांगत नाही. मला वाटतं शिवणक्लासमधे माप आणि कटिंगच्या आधी एक अख्खा दिवस दोरा आणि सुईवर घालवला पाहिजे.

पॉलिस्टरला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत हे मला फार आवडतं. ब्लाउज, पर्स, शाळेचा युनिफॉर्म, जिथे शिवणीला ताण बसतो तिथे स्वतःहून पॉलिस्टर काढून देता, कंपनी कोट्स असो वर्धमान असो, आधी पीळ बघूनच. पण विरत आलेल्या सुती साडीला तुम्ही मला सुतीच दिलात, आणि कारण सांगितलंत ते मला मनापासून पटलं. उद्या कुठे ताण आलाच तर आधी टीप उसवू दे, कापड नको फाटायला. टीप परत मारता येते. आणि दुकानदाराने सुती म्हणून दिलेल्या दोऱ्याची शंका आली तर टोक जाळून बघायचं, सुती कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

त्या लाकडी रिळांबद्दल तर खास आभार मानायचेत. एका ताईंनी आजीच्या लुगड्याबरोबर आजीच्या डब्यातली जुनी रिळं पण दिली होती, याच दोऱ्याने शिवा म्हणून, आणि त्यांना नाही कसं म्हणायचं हे मला कळेना. तुम्ही दोरा दोन्ही हातात धरून हलकासा झटका दिलात आणि तो न ताणता कट्टकन तुटला. तुम्ही म्हणालात, दोरा चांगल्या कंपनीचाच होता, पण जुना झाला, जीव गेला त्यातला. मी तेव्हा रिळं पिशवीत परत टाकत होते तर तुम्ही थांबवलंत आणि म्हणालात टाकू नका, शिवायचं नव्या दोऱ्याने आणि हा दोरा उलगडून आतल्या दोन थरांच्या मधे पसरा. मी तसंच केलं. त्या ताईंना सांगितल्यावर त्या फोनवर बराच वेळ बोलू शकल्या नाहीत. काका, एवढं शहाणपण आणि एवढी माया एका वाक्यात, आणि त्या दिवशी बिल झालं फक्त दोन रिळांचं.

बारीकसारीक तर किती आहे. रंग रिळावर बघायचा नाही, एक पदर सोडून कापडावर ठेवून बघायचा, कारण रिळावर तो गडद दिसतो. लाल आणि मरून दोरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचा. आडव्या तिडव्या गुंडाळीचा कोन असेल तर दोरा वरून सुटू द्यायचा, एकावर एक सरळ गुंडाळलेलं रीळ असेल तर ते फिरत बाजूने. मोठा कोन घरच्या मशीनवर बसत नाही म्हणून मशीनच्या मागे स्टीलच्या ग्लासात ठेवायचा, हे मी आता रोज करते. बॉबिन भरताना पॉलिस्टर घाईने ताणून भरायचा नाही, नाहीतर तो नंतर आखडतो आणि शिवण चुरगळते. आणि रिळं खिडकीत सजवून ठेवायची नाहीत, उन्हाने दोरा कमजोर होतो.

हे सगळं तुम्ही गर्दीच्या वेळी, मागे रांग असताना, न वैतागता सांगितलंत. महागातलं गळ्यात मारणं तुम्हाला सहज जमलं असतं, पण एकदा मी परदेशी दोरा मागितला तर तुम्हीच म्हणालात की या कामाला त्याची गरज नाही, आणि आपल्याकडचाच निम्म्याहून कमी किमतीचा सुती काढून दिलात. माझ्या गोधड्या आता लोकांकडे धुतल्या जातायत, वापरल्या जातायत आणि टिपा जागच्या जागी आहेत, त्यात तुमचा मोठा वाटा आहे हे मला सगळ्यांना सांगायचं होतं.

दिवाळीआधी दोन मोठ्या ऑर्डर आहेत, एक इरकलच्या तुकड्यांची आणि एक पांढऱ्या धोतरांची. फिका बदामी 50 चा आणि मोतिया 40 चा, दोन्ही एकाच लॉटमधले बाजूला काढून ठेवाल का? मी शनिवारी येते, आणि येताना धोतराचा एक तुकडा आणते, सुई तुम्हीच सांगा.

तुमची,
गोधडीवाली ताई