नाडी कळली, रक्ताचं काय?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. धावताना नाडी १७० पर्यंत गेली म्हणून तू खूश आहेस, पण अर्धंच उत्तर तुझ्या मनगटावर आहे रे. ठोके किती पडले ते घड्याळ सांगतं. एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडलं ते नाही. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे हृदयाचं मिनिटाचं काम. बसल्या जागी ते साधारण ५ लिटर असतं, आणि कसलेला धावपटू जीव तोडून पळत असेल तर २५ च्याही पुढे जातं.

हे मोजायचं कसं, ते जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिकने १८७० मध्येच सांगून ठेवलंय. मिनिटाला शरीराने घेतलेला ऑक्सिजन मोजा, फुप्फुसांतून जाताना दर लिटर रक्तात किती ऑक्सिजन भरला तेही मोजा, आणि भागाकार करा. सोपं वाटतं ना? पण त्यासाठी फुप्फुसाकडे जाणारं रक्त हवं, म्हणजे शिरेतून थेट हृदयापलीकडे नळी. ती घालून पेडल मारायला तू तयार होशील? मी तरी नाही.

म्हणून मला श्वासाची युक्ती आवडते. पिशवीत दोन वायू अगदी थोडे मिसळतात. नायट्रस ऑक्साइड रक्तात विरघळतो, सल्फर हेक्झाफ्लोराइड जवळजवळ नाही. त्याच पिशवीत दहा-वीस सेकंद श्वास घ्यायचा-सोडायचा. विरघळणारा वायू जितक्या झपाट्याने घटेल, तितकं रक्त फुप्फुसांतून वाहतंय. दुसरा वायू एकूण हवा किती ते सांगतो. मात्र वायू घेऊन गेलेलं रक्त फिरून परत यायच्या आत मोजणी उरकावी लागते, आणि जोराच्या व्यायामात ते फार लवकर परततं. शिवाय फुप्फुसांतल्या हवेला न भेटता निसटलेलं रक्त हिशेबात येतच नाही. मी स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसलो तेव्हा शेवटच्या टप्प्यात धाप इतकी लागली की ठरल्या तालात श्वास घेणं जमेना. तोंडातली नळी थुंकून दिली आणि ती मोजणी वाया गेली.

बाकीच्या पद्धती पळत्या माणसावर रुसतात. छातीवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज सोडतात आणि ठोक्यागणिक बदलणारा विरोध टिपतात. त्यात श्वास, घाम, हालचाल सगळंच लुडबुडतं. डॉप्लर सोनोग्राफीत ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग टिपतात, आणि महाधमनीच्या तोंडाचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात, त्यामुळे व्यासात ५ टक्के चूक झाली की उत्तरात सुमारे १०. त्यातून हलत्या छातीवर यंत्र धरून ठेवायचं! बोटाच्या पट्ट्यावरून दाबाची लाट वाचणारं यंत्रही आहे, पण हँडल घट्ट आवळलंस की झालं.

म्हणून मी सुट्या आकड्यावर भाळत नाही. तोच माणूस, तीच पद्धत, तोच भार. मग दोन महिन्यांत काय बदललं ते बघतो.

तू आलास की सायकलवर बसवतोच. नाकाला चिमटा लावावा लागतो, आत्ताच सांगून ठेवतो. नंतर कुरकुर चालणार नाही.

तुझाच,
जुना सोबती