आते, तुम्ही गोधडी उलटी करून बघितलीत

आते,

मराठीत लिहितेय, कारण राग आणि आभार दोन्ही मला मराठीतच नीट जमतं. तुम्हाला इंग्लिश करून पाठवीनच, पण आधी आपल्या लोकांना कळू दे इथं सिंगापूरमधे काय झालं ते. (आते म्हणजे फिलिपिन्सकडं थोरली बहीण, आपली ताई. या आईच्या वॉर्डातल्या नर्स, सगळ्या पोरी यांना आते म्हणतात, तर आईला वाटलं या सगळ्यांची आत्या आहेत, म्हणाली एका हॉस्पिटलात एवढ्या भाच्या कशा लावून घेतल्या हिनं.)

आधी जिथं ट्रीटमेंट चालू होती तिथं आईला केमो चढताना थंडी भरायची, म्हणून ती आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी घेऊन जायची. तिथल्या एका बाईनं ती दोन बोटांत धरली, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली आणि रॅग म्हणाली, म्हणजे चिंधी. आईला इंग्लिश येत नाही पण रॅग कळलं. इन्फेक्शनचा नियम असेल, मान्य, पण धुवून आणा असं म्हणायला काय जात होतं? पुढं तीन वेळा आई तशीच कुडकुडत बसली, गोधडीचं नावच काढलं नाही तिनं.

मग हॉस्पिटल बदललं. तुमच्याकडं पहिल्या दिवशी मीच घाबरत घाबरत ती बाहेर काढली. तुम्ही हातात घेतलीत आणि उलटी केलीत. मागचे टाके बघितलेत, धावदोऱ्यावरनं बोट फिरवलंत, पार कोपऱ्यापर्यंत. आते, मागची बाजू फक्त शिवणारं माणूस बघतं. मी पोटची पोर, एवढी वर्षं ती गोधडी पांघरली, मी कधी उलटी करून बघितली नव्हती. आईचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. गरम पाण्यात धुवून आणा मग चालेल, हे तुम्ही नंतर सांगितलंत, आणि मग म्हणालात, पसिता.

पसिता आबाद, तुमच्या फिलिपिन्सची चित्रकार. तुम्ही मोबाईलवर चित्रं दाखवत गेलात आणि मी रात्री घरी येऊन वाचत बसले. बाटानेस नावाच्या बेटांवर 1946 साली जन्म, आईवडील दोघंही राजकारणात, दोघंही खासदार झालेले. 1969 च्या निवडणुकीत तिकडं दंडेली झाली, ही पोरगी त्याविरुद्ध, मार्कोस राष्ट्राध्यक्ष असताना, रस्त्यावर उतरली, मग घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. घरच्यांनी 1970 मधे बाहेर पाठवली, जायचं होतं स्पेनला वकिली शिकायला, वाटेत सॅन फ्रान्सिस्कोत थांबली ती तिथलीच झाली, पोटासाठी टायपिंग केलं, शिवणकाम केलं. पुढं चित्रकार झाली आणि थायलंडच्या सीमेवर कंबोडियातनं पळून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन त्या माणसांची चित्रं काढली. 1984 साली फिलिपिन्समधला दहा कर्तबगार तरुणांचा जो पुरस्कार असतो तो मिळालेली ती पहिली बाई, आणि त्यावरनंही काही पुरुषांच्या पोटात दुखलंच.

पण आईला यातलं काही नको होतं, तिला टाके हवे होते. कॅनव्हासवर रंगवायचं, मागनं अस्तर लावायचं, मधे भर घालायची आणि हातानं शिवायचं, वर कवड्या, आरसे, बटणं. ट्रापुन्टो म्हणतात म्हणे. आई म्हणाली, म्हणजे वाकळच की! तुम्हाला वाकळ म्हणजे काय ते सांगताना माझी जी फजिती झाली ती राहू दे.

1992 चं ते स्वातंत्र्यदेवीचं चित्र तुम्ही मोठं करून दाखवलंत, अमेरिकेतल्या त्या गोऱ्या पुतळ्याच्या जागी सावळी बाई, मागं रंगीबेरंगी किरणं. बाहेरनं येऊन राबणाऱ्या लोकांवर तिनं बरीच चित्रं केली. तुम्ही त्या चित्राकडं बघत जरा गप्प झालात, मी विचारलं नाही. आपली पोरंबाळं गावी ठेवून दुसऱ्याच्या आईला पांघरूण घालणारी माणसं या शहरात किती आहेत आणि त्यांना कोण विचारतं, हे मात्र तेव्हापासनं डोक्यातनं जात नाही. साधी माणुसकी हो, ती कुठल्या कोर्सात शिकवतात माहीत नाही, शिकवत असतील तर आमच्या पहिल्या हॉस्पिटलवाल्यांची फी मी भरते.

आणि तो पूल. इथलाच, सिंगापूर नदीवरचा, ‘रॉबर्टसन की’ नावाच्या भागाजवळचा आल्काफ पूल. पसितानं तो 2,350 वर्तुळांनी रंगवून काढला, 2004 च्या जानेवारीत पूर्ण केला, फुफ्फुसाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना. आईनं लगेच विचारलं, मग बरी झाली का? मी भाषांतर करताना अडखळले, काहीतरी गोड बोलून टाकावं असं वाटलं. तुम्ही खुर्चीजवळ खाली बसलात, आईचा हात धरलात आणि सरळ सांगितलंत, नाही, त्याच वर्षी डिसेंबरमधे गेली, पण पुढचे कितीतरी महिने रंगवत होती. मला वाटलं आता आई रडणार. आई म्हणाली, ही बाई खोटं बोलत नाही, हिच्याकडनंच सुई टोचून घ्यायची.

मागच्या रविवारी आईला व्हीलचेअरवर पुलावर नेलं. मधेच थांबायला लावलं, ठिपके बघितले, आणि म्हणाली रंग लई भडक आहेत पण बसलेत चांगले.

आता आई तुमच्यासाठी एक गोधडी शिवतेय. माझा चांगला कॉटनचा ड्रेस फाडलाय त्यासाठी, विचारलंसुद्धा नाही. हात सुन्न होतात म्हणून दिवसाला एखादी ओळच होते, तेव्हा वेळ लागेल. निरोप दिलाय की मिळाली की आधी उलटी करून बघा, एक गाठ दिसणार नाही.