विषय: कॉर्पस फंड व त्याचा हिशोब सोसायटीला न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

तुमच्या ग्राहक सेवा विभागाचा फोन आत्ताच ठेवला. आता जे काही ते लेखीच.

पझेशनच्या वेळी प्रत्येक फ्लॅटधारकाकडून कॉर्पस फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची ठेव) आणि 2 वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ भरून घेतल्याशिवाय तुम्ही चावी दिली नाहीत. सोसायटी रजिस्टर झाली, कमिटीने कारभार हातात घेतला. कॉर्पस मात्र अजून तुमच्याकडेच आहे आणि हिशोबाचा साधा कागदही मिळालेला नाही.

आजचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुम्ही वाचायलाच हवं. मी कॉर्पसचं स्टेटमेंट मागितलं. तुमचा माणूस म्हणाला, “बिल्डिंग नवीन आहे, एवढ्यात पैसे कशाला हवेत?” मी पंपाचं सांगितलं. तर म्हणे, “मग मेंबर्सकडून कॉन्ट्रिब्युशन काढा ना. मुलुंडमध्ये फ्लॅट घेतलाय म्हणजे परवडत असेलच.” मग होल्डवर ठेवलं. परत आला आणि म्हणाला, “अकाउंट्सवाले सांगतायत, ती रक्कम खर्चात ॲडजस्ट झालीय.” कुठल्या खर्चात? “ते मला माहीत नाही. आणि सर, आवाज चढवू नका.” मी आवाज चढवला नव्हता. आमचेच पैसे मागत होतो.

पंपाचं तुम्हीही ऐका. जुलैच्या पावसात पंप रूममध्ये पाणी शिरून पॅनेल जळालं, कारण तुमच्या इंजिनीअरने ते जमिनीपासून जेमतेम वीतभर वर बसवलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या नवव्या मजल्यावरच्या काकू टँकरची बादली घेऊन लिफ्टसमोर उभ्या होत्या. नव्या पॅनेलचे पैसे आम्ही दारोदार फिरून गोळा केले.

सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी जमवायचा निधी, आम्ही सोसायटीच्या उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) घेतोच, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल 0.25 टक्के. खर्च 20 लाख धरला तर फ्लॅटमागे वर्षाला 5,000 रुपये. लिफ्ट बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग एवढ्यात भागत नाही, हे बिल्डरला मी सांगायचं? त्यासाठीच कॉर्पस घेतला होतात. ॲडजस्ट करायला नाही.

मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीविषयीचा) कायदा, 1963 च्या कलम 5 प्रमाणे असे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून, ज्यासाठी घेतले त्यासाठीच वापरायचे असतात. 15 दिवसांत संपूर्ण रक्कम, व्याज आणि हिशोब सोसायटीच्या खात्यावर व हातात आला नाही, तर महारेराकडे (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाकडे) तक्रार जाईल आणि मोफाखाली पोलिसांतही.

माझा मेव्हणा तुमच्या ठाण्याच्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग करणार होता, माझ्याच शब्दावर. आज त्याला चेक देऊ नकोस म्हणून सांगितलं.

सेक्रेटरी (आणि फ्लॅटधारक),
मुलुंड पूर्व, मुंबई