सायकल कशाला म्हणायचे? उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेली बावीस वर्षे मी सायकलींचे सांगाडे बांधतो. नळ्या कापणे, त्यांची तोंडे एकमेकींवर नीट बसतील अशी कानसणे, सांधे झाळणे आणि तयार सांगाडा दोरी लावून सरळ आहे की नाही ते पाहणे, यात माझा दिवस जातो. नव्या रचनेच्या सायकलींना उत्तेजन द्यायचे ठरले, की पहिला प्रस्ताव बहुधा स्पर्धेचा येतो: संकल्पनाचित्रे मागवावीत, परीक्षक नेमावेत, प्रदर्शन भरवावे, बक्षिसे द्यावीत. आपल्या टेबलावर असा प्रस्ताव आला तर तो बाजूला ठेवावा आणि त्यावर होणारा खर्च दोन रुक्ष वाटणाऱ्या कामांकडे वळवावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सायकल कशाला म्हणायचे हे नियमांत तिच्या आकारावरून न ठरता रस्त्यावरच्या तिच्या वागण्यावरून ठरावे, हे पहिले काम. लहान कारागिरालाही आपला सांगाडा मोडेपर्यंत तपासून घेता येईल असे चाचणी-केंद्र असावे, हे दुसरे.

अशा स्पर्धांत एक चित्र हमखास असते. चाकाला आरे नाहीत, मधे हब, म्हणजे आरे जिथे एकत्र येतात तो आसाभोवतीचा भाग, नाही, नुसते एक चकचकीत कडे जमिनीला टेकलेले आहे आणि त्यातून पलीकडचे आकाश दिसते. चित्र खरोखरच देखणे असते. मीही ते थांबून पाहतो. पण साध्या चाकात छर्रे आसाजवळ, म्हणजे केंद्रापासून सेंटिमीटरभर अंतरावर फिरतात आणि तिथल्या घर्षणावर मात करायला चाकाच्या तीस-पस्तीस सेंटिमीटरच्या त्रिज्येचा तरफेसारखा फायदा मिळतो. हब काढून टाकला की छर्रे किंवा रूळ कड्याच्या आतल्या बाजूला, जवळजवळ टायरला खेटून बसवावे लागतात. तरफेचा तो फायदा तिथे संपतो. धूळ आणि चिखल अडवायला जिथे काही सेंटिमीटर घेराचे सील पुरत होते तिथे दोन मीटरच्या आसपास घेराचे सील लागते. शिवाय वजन वाढते ते वेगळेच. आऱ्यांचे चाक ताणलेल्या बारीक तारांच्या जोरावर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलते. ते काढून टाकून नेमके काय मिळाले, हे चित्रात कुठेच लिहिलेले नसते.

याचा अर्थ आजचा आकार हाच अखेरचा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस मानहाइममध्ये ज्या लाकडी दुचाकीवर बसून निघाले, तिला पायडलच नव्हते; जमिनीला पायाने रेटा देत ती पळवायची होती. जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन, ही आपल्या ओळखीची मांडणी जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ च्या रोव्हर सायकलीने रूढ केली. दोन्हींच्या मधे अडुसष्ट वर्षे गेली. शिवाय चालती सायकल स्वतःहून तोल का सावरते, हेही आपल्याला वाटते तितके उलगडलेले नाही. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या कलामुळे चाक मागे ओढले जाणे, ही दोन कारणे पुस्तकांत वर्षानुवर्षे दिली जात होती. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विचित्र दिसणारे दुचाकी यंत्र मांडले, ज्यात हे दोन्ही परिणाम मुद्दाम काढून टाकले होते, आणि तरीही ढकलून दिल्यावर ते आपला तोल आपणच सावरत होते. तेव्हा रचनेला अजून पुष्कळ वाव आहे. प्रश्न एवढाच, की तो वाव नियम ठेवतात का.

एक जुने उदाहरण आपल्या नजरेस आणतो. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या फ्रेंच स्वाराने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, पाठीवर रेलून चालवायच्या आडव्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून टिकून असलेला ऑस्कर एग यांचा विक्रम मोडला. त्यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने काय केले? शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल १ एप्रिल १९३४ पासून तिच्यात बसेना. संघटनेची बाजू अगदीच पोकळ नव्हती, कारण शर्यत माणसांची व्हावी, यंत्रांची होऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे. पण तो नियम होता शर्यतीपुरता, आणि दुकानातली सायकल मात्र शर्यतीच्या सायकलीचीच नक्कल करत राहिली. आडवी सायकल पुढे हौशी मंडळींपुरती उरली, याला ती व्याख्या बरीचशी कारणीभूत आहे असे माझे मत आहे. वाऱ्याच्या बाबतीत ती किती सरस आहे हे पाहायचे असेल, तर २०१६ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात टॉड रायकर्ट यांनी पूर्ण आच्छादलेल्या आडव्या सायकलीवर, निव्वळ पायांच्या बळावर, ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला, एवढे सांगणे पुरे.

आता आजचे मानक पाहू. सायकलींच्या सुरक्षिततेसाठीचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक शहरी, डोंगरी, शर्यतीच्या आणि किशोरवयीनांच्या सायकलींसाठी आहे. मालवाहू, आडव्या आणि दोघांनी मिळून चालवायच्या जोडीच्या सायकलींना ते लागू नाही, असे त्याच्या सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले आहे. मानक लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही. जे तपासता येत नाही ते त्यांनी प्रामाणिकपणे वगळले. त्याचा परिणाम मात्र असा, की नेहमीपेक्षा वेगळी सायकल बांधणाऱ्याला आपली सायकल सुरक्षित आहे हे सिद्ध करायला दारच उरत नाही.

हे मी स्वतः अनुभवले आहे. मी एक लांब मालवाहू सायकल बांधली होती. हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये सामानाची पेटी, आणि चाकांमध्ये जवळजवळ दोन मीटर अंतर. ती एका चाचणी-प्रयोगशाळेत नेली. तिथल्या अर्जात सायकलीच्या प्रकाराचे पाच पर्याय होते, त्यांत माझा नव्हता. “यातला जवळचा कुठलाही लिहा,” असे खिडकीवरच्या गृहस्थांनी सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता, पण सायकल चाचणीच्या बाकावर मावेना, कारण बाक नेहमीच्या, मीटर-सव्वा मीटर अंतराच्या सायकलींसाठीच बनवलेला होता. सायकल न तपासताच परत आणली.

आठ महिन्यांनी पेटीच्या मागच्या सांध्यापाशी रंगावर केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा समजून मी फडक्याने पुसली, तर फडक्याचा धागा तिच्यात अडकला. रंग खरवडून पाहिले तेव्हा तडा नळीच्या पाव घेरापर्यंत गेलेला होता. कारण माझ्याच हाताने झालेली चूक: सांधा मजबूत व्हावा म्हणून लावलेली त्रिकोणी पट्टी मी टोकाला काटकोनात कापली होती. ताकद अशी एकाएकी संपली की सगळा ताण त्या टोकापाशी गोळा होतो. तीच पट्टी निमुळती करून नळीत अलगद विरवली असती, तर तडा पडला नसता. चाचणी-बाकावर पायडलला एक लाख वेळा भार दिला जातो. तिथे ही चूक काही दिवसांत उघडी पडली असती. इथे ती ऐंशी किलोंचे ओझे वाहणाऱ्या एका गिऱ्हाइकाखाली उघडी पडली. त्याला इजा झाली नाही, हे नशीब.

वाट निघू शकते, हे इतरांनी दाखवले आहे. जर्मनीने २०२० मध्ये मालवाहू सायकलींसाठी डीआयएन ७९०१० हे वेगळे मानक केले. युरोपीय संघात विजेची मदत घेणाऱ्या सायकलीला साधारणपणे एवढीच अट आहे, की मोटर २५० वॉटपर्यंतची असावी, पायडल मारतानाच मदत मिळावी आणि ताशी २५ किलोमीटरला ती थांबावी. चाके किती, स्वार बसलेला की रेललेला, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आपल्या नियमांतही रुंदी किती, भरल्या वजनाला कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर किती अंतरात थांबली पाहिजे, रात्री किती लांबून दिसली पाहिजे, एवढेच असावे. आकार ज्याचा त्याने ठरवावा.

चाचणी-केंद्राबद्दल एक सूचना अधिक आहे. तिथला अहवाल ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढ्यावर संपू नये. सांगाडा कुठे, कितव्या फेऱ्याला आणि कसा मोडला, हे बांधणाऱ्याचे नाव गाळून सर्वांना पाहता यावे. स्वीडनमध्ये १९८२ साली इटेरा नावाची प्लॅस्टिकची सायकल बाजारात आली. कल्पना धाडसी होती, गंजण्याचा प्रश्नच नव्हता. पण सांगाडा लवचीक असल्याने चालवताना ती डुलायची, आणि काही वर्षांतच उत्पादन थांबले. प्लॅस्टिकचे सांगाडे करू पाहणाऱ्या पुढच्या माणसाला ती किती वाकत होती हे आकड्यांत मिळाले असते, तर त्याची सुरुवात तिथून पुढे झाली असती.

सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक नव्या रचनेला मात्र एक अट घालावी: झिजणाऱ्या सर्व भागांची मापे आणि कुलूप-बॅटरीची माहिती खुली असली पाहिजे. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅनमूफ ही देखण्या विजेच्या सायकली करणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या ग्राहकांना आपल्याच सायकलीची डिजिटल किल्ली हातची जाईल की काय, अशी भीती वाटू लागली. भाग तर दुसरीकडे मिळतच नव्हते. याच्या उलट बफेलो ही संस्थांमार्फत आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर दिली जाणारी दणकट सायकल पाहावी. तिच्या नव्या आवृत्तीत दोन चेन आणि दोन फ्रीव्हील आहेत, आणि पायडल किंचित उलटे फिरवले की गियर बदलतो. चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा नाजूक डिरेलर नाही, त्याची केबलही नाही. प्रदर्शनात तिच्यापाशी कुणी फोटो काढणार नाही कदाचित, पण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत चकित केले ते या रचनेने.

तडकलेला तो सांधा मी कापून जपून ठेवला आहे. तड्याची दोन्ही टोके आणि काटकोनातली ती पट्टी त्यावर स्पष्ट दिसते. केंद्र उभे राहिले, तर मोडलेल्या नमुन्यांच्या फळीवर ठेवण्यासाठी तो आणून देईन.

आपला नम्र,
सायकलींचे सांगाडे बांधणारा एक कारागीर