तुमच्या खोलीचा रंग अजून बाकी आहे

पुणे, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

येत्या रविवारी तुम्हाला न्यायला कराडला येणार होते, ते आठ दिवस पुढे ढकलते आहे. काळजीचं काही नाही. तुमच्या खोलीच्या दोन भिंती पुन्हा रंगवायला घेतल्यात. फोनवर हे सांगितलं नाही, कारण बाबा पहिल्याच वाक्याला "मी म्हटलं होतं" म्हणाले असते. पत्रात मला निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

तर बाबा, तुम्ही म्हटलं होतं. आधी फरशी, मग रंग. मीही हो हो म्हटलं आणि नेमकं उलटं केलं. रंगारी दसऱ्याच्या आधी मोकळा होता, मग छठसाठी गावी जाणार होता. फरशीवाला तीन आठवडे "परसों पक्का" करत होता. मला वाटलं, फरशी खाली बसते, रंग वर असतो, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?

संबंध स्कर्टिंगचा असतो, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावतात त्या फरशीच्या पट्टीचा. जुनी गुळगुळीत फरशी उखडायची नाही, तिच्यावरच ॲडहेसिव्हने नवी मॅट फरशी बसवायची, असं ठरलं होतं. म्हणजे राडारोडा कमी आणि वेळही कमी. ते छान झालं. फरशी अर्धा इंच वर आली, त्यामुळे दारं खालून तासून घ्यावी लागली, पण पॅसेज आणि खोली एका पातळीत आहेत. बाबांचा पाय कुठे अडायचा नाही आणि ओल्या पायांनीही घसरायचा नाही. हे सगळं त्यासाठीच तर केलं. पण जुनं स्कर्टिंग तसंच ठेवून त्यावर नवं चिकटवलं असतं, तर भिंतीपासून बोटभर पुढे आलं असतं आणि त्या कडेवर धूळ साचत राहिली असती. आईला ते दिसलं नसतं असं होणारच नाही. म्हणून मीच म्हटलं, जुनं काढा. छिन्नी-हातोडी लागली आणि स्कर्टिंगबरोबर वरच्या गिलाव्याचेही पोपडे निघाले. नवं स्कर्टिंग चार इंचांचं, जुनं त्याहून उंच. त्यामुळे वर वेडीवाकडी करडी पट्टी उघडी पडली.

एवढंच असतं तर लांबी (पुट्टी) भरून भागलं असतं. पण फरशांचे खोके भिंतीला टेकवून ठेवले होते, त्यांचे ओरखडे उठले. घमेलं लागून चौकटीचा ऑइलपेंट उडाला. स्कर्टिंगमागे भरायला कालवलेल्या सिमेंटचे शिंतोडे कमरेपर्यंत गेले. आणि फरशी कापायचा कटर फरशीवाल्याच्या माणसांनी बाल्कनीत न चालवता खोलीतच चालवला. आई, तुझ्या त्या फिकट आबोली भिंतीवर पांढरी धूळ अशी बसली होती, जणू कुणी पिठाची चाळण झटकलीय.

मी ऑफिसातून आले तेव्हा त्यांच्यातला एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, ओल्या फडक्याने भिंत घासत होता. भल्यासाठीच करत होता बिचारा. पण सिमेंट वाळून धरलेलं. घासल्यावर खडे निघाले आणि सोबत रंगही निघाला. जिथे रंग टिकला, तिथे घासून चकाकी आली. मग मिस्त्री म्हणाला, "टचअप मार देंगे मॅडम, पता भी नहीं चलेगा." उरलेल्या रंगाचा डबा माझ्याकडे होता (झाकणावर शेड नंबर आणि तारीख लिहून ठेवली होती, बाबा, तेवढं तरी शिकलेय). त्यांनी ब्रशने ठिपके ठिपके लावले. रात्री ट्यूबलाइटमध्ये खरंच काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पश्चिमेचं ऊन आडवं आलं आणि अख्खी भिंत ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसायला लागली.

रंगारी छठ करून परत आलाय. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि हसला. म्हणाला, डबा तोच असला तरी भिंत रोलरने केलेली आणि टचअप ब्रशचा, पोत वेगळाच येणार. शिवाय लांबीवर प्रायमर न मारता रंग लावला की ती जागा रंग पिते आणि फिकी पडते. त्याचं म्हणणं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्यायची. रंगाचा जोड कोपऱ्यात लपतो, भिंतीच्या मध्यावर लपत नाही. मला हे पटलं. दोन भिंतींना माल-मजुरी धरून त्याने साडेसात हजार सांगितले.

आता पैशांचं. फरशीवाल्याचे १२,००० रुपये द्यायचे बाकी होते, हे नशीब. त्याचं पहिलं वाक्य, "रंग हमारा काम नहीं." दुसरं, "दीवार पहले से ऐसी थी." कामाआधी फोटो काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मग आठवलं, दसऱ्याला आईला व्हॉट्सॲपवर भिंतीचा फोटो पाठवला होता. तारखेसकट सापडला. त्याखाली आईचं उत्तर होतं, "रंग छान. पलंगावरचे कपडे उचल." फोटो त्याच्यासमोर धरला तेव्हा हे उत्तरही त्याने वाचलं असावं, कारण त्यानंतर त्याचा आवाज जरा खाली आला.

आवाज मी चढवला नाही. कराडच्या घराच्या वेळी बाबांनी ओटा पुन्हा नीट होईपर्यंत गवंड्याचे शेवटचे पैसे अडवून ठेवले होते आणि आई त्याच गवंड्याला रोज दोनदा चहा देत होती. लहानपणी मला यातलं काही कळायचं नाही, नक्की भांडण आहे की पाहुणचार. मी दोन्ही केलं. चहा ठेवला आणि हिशोब काढला. पाच हजार त्याचे कापले, अडीच हजार मी सोसले. स्कर्टिंग काढायचा हट्ट माझा होता आणि भिंतींना प्लास्टिक लावून काम करायचं, असं मी ना बोलले होते, ना कागदावर लिहून घेतलं होतं. जावईबापूंच्या मते सगळेच पैसे कापायला हवे होते. ते त्या वेळी ऑफिसात होते.

फरशीवाला त्या भिंत घासणाऱ्या पोराची हजेरी कापायला निघाला होता, ते मात्र मी होऊ दिलं नाही. कटर आणि पाणी कुठे वापरायचं, हे ठरवणारा तो पोरगा नव्हे. कबूल तर झालाय, पुढे काय करेल देव जाणे.

आणि हो आई, जाता जाता ते फरशीवर ॲसिड ओतणार होते, सांध्यांचे डाग काढायला. मी बाटली काढून घेतली. ॲसिड सांध्यात भरलेला मसालाच (ग्राउट) खातं. तू इथे आल्यावर बाथरूमसाठी बाटली मागशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते, मिळणार नाही.

आज लांबी आणि प्रायमर झालं. उद्या पॉलिश पेपर मारून रंगाचा पहिला हात, परवा दुसरा. या वेळी फरशीवर आधी प्लास्टिक अंथरलंय. नाहीतर आता रंगाऱ्याने फरशी खराब केल्याचं दुसरं पत्र लिहावं लागेल. खिडक्या उघड्या ठेवल्यात. तुम्ही याल तोवर वास जाईल.

बाबा, तुमचं ते सागवानी कपाट टेम्पोने आणायचं म्हणत होतात ना, त्याची उंची-रुंदी मोजून मला कळवा, आणि पायांना खालून जाड फेल्ट लावून घ्या. आत आणताना मी स्वतः दारात उभी राहणार आहे.

तुमची,
बेबी